कंकणमोचन : भवभूतीच्या ‘महावीरचरिता’तील एका दोषाची फेरतपासणी

अकराव्या शतकातील काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञ मम्मट याने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात रसदोषांची चर्चा केली आहे. त्यांपैकी एका दोषाला तो ‘अकांडे छेद’ म्हणतो. रस ऐन भरात आलेला असताना, काही कारण नसताना, मध्येच तोडून टाकणे, असा त्याचा अर्थ. उदाहरणासाठी त्याला दूर जावे लागले नाही. भवभूतीच्या ‘महावीरचरिता’चा दुसरा अंक त्याने पुढे ठेवला. परशुराम मिथिलेच्या राजवाड्यात घुसला आहे, राम त्याच्यासमोर उभा आहे, शब्दाला शब्द भिडतो आहे, आता शस्त्राला शस्त्र भिडणार अशा क्षणी अंतःपुरातून निरोप येतो आणि राम लग्नाचे कंकण सोडण्यासाठी आत निघून जातो. मम्मटाच्या मते वीररसाचा येथे गळाच कापला गेला.

गेली नऊशे वर्षे हा ठपका भवभूतीच्या माथी आहे. पुढच्या टीकाकारांनी तो बहुधा जसाच्या तसा उचलला. भवभूतीचे नाव निघाले की ‘उत्तररामचरिता’वर लिहायचे आणि ‘महावीरचरिता’ला कवीचा पहिला, कच्चा प्रयत्न म्हणून दोन ओळींत वाटेला लावायचे, अशी आपल्या टीकेची सवय आहे. मराठीतही ‘उत्तररामचरित’ परशुरामतात्या गोडबोल्यांच्या भाषांतरामुळे एकोणिसाव्या शतकातच आले आणि रुळले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी संस्कृत कविपंचकात भवभूतीला मानाचे स्थान दिले. ‘महावीरचरित’ मात्र पाठ्यक्रमाबाहेर कुणी सहसा उघडत नाही. प्रस्तुत लेखात त्या एका ठपक्याचीच तपासणी करायची आहे. मम्मट पूर्णपणे चुकला असे मला म्हणायचे नाही. पण ज्या ठिकाणी त्याने बोट ठेवले तेथे दोष नाही. तो थोडा पुढे आहे.

आरंभी कवीच्या गावाविषयी दोन शब्द. भवभूतीने आपल्या प्रस्तावनांत स्वतःची जेवढी माहिती दिली आहे तेवढी संस्कृत कवी सहसा देत नाहीत. दक्षिणापथातील पद्मपूर हे नगर, तैत्तिरीय शाखेचे काश्यपगोत्री उदुंबर ब्राह्मणांचे घराणे, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातूकर्णी, गुरू ज्ञाननिधी. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर असे प्रतिपादन केले. हे स्थाननिश्चितीचे मत सर्वांनाच मान्य आहे असे नाही. पण वाकाटकांच्या एका अपुऱ्या ताम्रपटात पद्मपुराचा उल्लेख येतो आणि तो ताम्रपट पूर्वेकडच्या शेजारच्या दुर्ग भागातच सापडला, ही गोष्ट मिराशींच्या बाजूने आहे. आमगाव १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या १ मे रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि पदमपूरही तिकडे गेले. गावकऱ्यांना मात्र शंका नाही. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचेच नाव आहे. आठव्या शतकाच्या आरंभी कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला गेलेला हा कवी मूळचा झाडीपट्टीचा, हे भंडाऱ्याच्या माणसाला अभिमानाने सांगावेसे वाटते आणि त्यात काही गैर नाही.

आता नाटकाकडे वळू. पहिला अंक विश्वामित्राच्या सिद्धाश्रमात घडतो. दशरथाचे दोन मुलगे यज्ञरक्षणासाठी आले आहेत. जनकाचा भाऊ कुशध्वज सीता आणि ऊर्मिला यांना घेऊन तेथे पाहुणा आला आहे. रावणाचा दूत सीतेला मागणी घालण्यासाठी येतो. त्याच्या डोळ्यांदेखत ताटका मारली जाते, विश्वामित्र रामाला दिव्य अस्त्रे देतो, शिवधनुष्य तेथेच मोडते आणि लग्ने ठरतात. वाल्मीकीने अनेक सर्गांत पसरलेला मजकूर भवभूतीने एका अंकात, एका आश्रमात, एका शत्रूच्या साक्षीने बसवला. हे नाट्यदृष्टीचे काम आहे. नवशिक्याला ते साधत नाही.

या अस्त्रांना ‘जृंभक’ असे नाव आहे. जृंभा म्हणजे जांभई. हे अस्त्र सुटले की शत्रूचे सैन्य मरत नाही. ते जागच्या जागी गुंगून, खिळून उभे राहते. कृशाश्वाकडून विश्वामित्राकडे आणि विश्वामित्राकडून रामाकडे आलेली ही विद्या आहे. रामाच्या शिक्षणाचा कळस म्हणून भवभूतीने हेच अस्त्र निवडावे, याकडे माझ्या वाचनात तरी पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. जळणारी, फाडणारी, भेदणारी अस्त्रे काय थोडी होती?

येथे अस्त्रविद्येतील एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अस्त्राला दोन अंगे असतात : प्रयोग आणि संहार. प्रयोग म्हणजे सोडणे. संहार म्हणजे परत घेणे. आज मराठीत संहार म्हटले की आपल्याला कत्तल आठवते. शास्त्रातला मूळ अर्थ मात्र आवरून घेणे असा आहे. वाल्मीकीच्या बालकांडात विश्वामित्र रामाला अस्त्रे देतो आणि राम लगेच विचारतो की आता ही परत कशी घ्यायची तेही सांगा. शिष्याने विचारावा असा हा प्रश्न आहे. ते सांगितल्यावरच शिक्षण पुरे होते. याच्या उलट दाखला महाभारताच्या सौप्तिकपर्वात आहे. बापाच्या मृत्यूने पेटलेला अश्वत्थामा ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, अर्जुनही सोडतो. ऋषी मध्ये पडतात. अर्जुन आपले अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्याला ते येत नाही. द्रोणाचा मुलगा, द्रोणाच्याच घरात शिकलेला; पण त्याची विद्या अर्धी राहिली होती. अर्धी विद्या घेऊन सूडाला निघालेल्या माणसाचे काय होते, हे व्यासांनी त्या एका पर्वात दाखवून ठेवले आहे.

हे ध्यानात ठेवून दुसऱ्या अंकाकडे पाहिले पाहिजे. रावणाचा प्रधान माल्यवान हा भवभूतीचा खास शोध. मूळ रामायणातल्या एका म्हाताऱ्या सल्लागाराला त्याने मुद्राराक्षसाच्या तोडीचा कारस्थानी केला. रामाला परस्पर संपवायचे तर कुणाला पुढे करावे? माल्यवान परशुरामाची निवड करतो. हा मनुष्य एकवीस वेळा क्षत्रियांची कत्तल करून, बापाच्या खुनाचा सूड पुरेपूर उगवून शांत झालेला होता. त्याच्या गुरूचे धनुष्य एका क्षत्रिय पोराने मोडले, एवढी वार्ता त्याच्या कानी घातली की पुरे. निखारा राखेखाली होताच.

परशुराम येतो तो मात्र माल्यवानाच्या हिशेबाप्रमाणे वागत नाही. रामाला पाहताच त्याला हा मुलगा आवडतो. त्याला जवळ घ्यावेसे वाटते आणि तो मारायलाच आलेला आहे. वात्सल्य आणि व्रत यांच्या मध्ये अडकलेला हा उग्र ब्राह्मण भवभूतीने फार बारकाईने रंगवला आहे. एरवी आपल्या रंगभूमीवर परशुराम म्हणजे लाल डोळे आणि परशू. येथे तो माणूस आहे. आणि नेमक्या याच ठिकाणी, दोघांचे बोलणे टोकाला गेलेले असताना, कंकण सोडण्यासाठी आत यावे असा सासरच्या वडीलधाऱ्या बायकांचा निरोप येतो. राम जातो. परशुरामही त्याला जाऊ देतो.

मराठी वाचकाला येथे एक गोष्ट आपोआप सुचते. ती संस्कृत टीकाकाराला सुचली नाही म्हणून त्याला दोष देता येणार नाही. आपल्याकडे कंकण दोन प्रसंगी बांधतात. एक लग्नात, हळदीच्या हाताला. लग्न पार पडले की ते सोडायचे असते. दुसरे वाक्प्रचारातले : अमक्याने अमुक कामासाठी कंकण बांधले, म्हणजे व्रत घेतले, हट्टाला पेटला. ते काम होईपर्यंत सुटत नाही. रंगमंचावर या क्षणी दोन कंकणे आहेत. रामाच्या मनगटावरचे सुटण्यासाठी बांधलेले आहे आणि घरातल्या बायका ते सोडायला बोलावीत आहेत. परशुरामाच्या मनगटावरचे एकवीस वेळा सुटायला हवे होते; सुटले नाही. हा अर्थ भवभूतीच्या मनात होता असा माझा दावा नाही. मात्र नाटकाच्या रचनेत तो बसतो आणि मराठीत वाचणाऱ्याने तो का सोडावा?

मम्मटाचा आक्षेप रसाचा आहे, नीतीचा नाही, हे मी विसरलेलो नाही. राम वागला ते चांगलेच वागला, परंतु प्रेक्षकाचा चढत गेलेला उत्साह मावळला, असे तो म्हणेल. म्हणून उत्तर रसाच्याच भाषेत द्यायला हवे. वीररसाचा स्थायिभाव उत्साह. क्रोध हा रौद्राचा स्थायिभाव. रामाच्या ठिकाणी उत्साह आहे, परशुरामाच्या ठिकाणी क्रोध. दुसरा अंक जसजसा चढतो तसतसा प्रेक्षकाला दोन्ही एकच वाटू लागतात. शब्दांचा कडकडाट दोघांचाही सारखाच आहे. निरोप येतो आणि दोन्ही वेगळे होतात. क्रोध थांबवला तर तो तुंबतो, फुटतो. उत्साह थांबवला तरी तसाच राहतो, कारण तो स्वाधीन असतो. राम आत जाऊन कंकण सोडून परत येऊ शकतो, कारण त्याच्या ठिकाणी वीर आहे, रौद्र नाही. म्हणजे ज्या जागी वीररस तुटला असे मम्मट म्हणतो, त्याच जागी तो प्रथम नीट ओळखू येतो. अस्त्रविद्येच्या भाषेत सांगायचे तर हा संहार आहे. पहिल्या अंकात मिळालेले शिक्षण पुरे झाले की नाही, याची परीक्षा लढाईत होत नाही. लढाईच्या आधीच्या या उंबरठ्यावर होते.

तिसरा अंक हा याचाच पुरावा म्हणून रचलेला आहे. राम आत आहे. बाहेर परशुरामाला समजावण्यासाठी एकाहून एक मोठी माणसे जमली आहेत : वसिष्ठ, विश्वामित्र, शतानंद, जनक, दशरथ. नाटकातल्या सगळ्या गुरुजनांची ही जणू सभाच. आणि काय होते? शतानंद शाप देण्यासाठी हातात पाणी घेतो. ब्रह्मज्ञानी जनक धनुष्याकडे वळतो. दशरथाचा तोल जातो. शांतीचा उपदेश करायला आलेले एकेक करून त्याच आगीत उतरतात. यापेक्षा कडवट विनोद संस्कृत नाटकात क्वचितच आढळेल. राम परत येतो तेव्हा साऱ्या रंगमंचावर शांत असा तो एकटाच आहे.

मात्र येथेच मला मम्मटाच्या बाजूचे थोडे मान्य करावे लागते. हा तिसरा अंक फार लांबला आहे. समासांची दाटी, एकाच मुद्द्याची पाच तोंडांनी पुनरुक्ती, प्रत्येकाचे घराणे आणि प्रत्येकाची तपश्चर्या. वाचताना डोळा पुढच्या पानाकडे जातो. प्रेक्षकाचे काय झाले असेल! द्वंद्व तर रंगमंचावर दिसतच नाही. चौथ्या अंकाच्या आरंभी पडद्याआडून रामाच्या विजयाची घोषणा होते, एवढेच. रंगमंचावर युद्ध दाखवू नये हा नाट्यशास्त्राचा दंडक होता, त्यामुळे कवीचा इलाज नव्हता. पण न दिसणाऱ्या युद्धाची वाट पाहायला लावायची तर ती वाट आखूड हवी. दोष कंकणमोचनाचा नसून त्यानंतरच्या पाल्हाळाचा आहे. छेद योग्य जागी पडला. जखम उघडी फार वेळ राहिली.

भंडारा-गोंदियाच्या प्रेक्षकाने मात्र कदाचित वेगळा न्याय दिला असता. दिवाळीनंतर या भागात गावोगावी मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटके चालतात. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर ऐन संघर्षाच्या प्रसंगात लावणी येते, विनोदी पात्र येते, मग पुन्हा संघर्ष सुरू होतो. पहाटेपर्यंत बसलेला शेतकरी प्रेक्षक ‘अकांडे छेद’ झाला म्हणून उठून जात नाही. रस तुटतो आणि पुन्हा जुळतो, हे त्याला ठाऊक असते. मम्मटाचा रसिक राजसभेत बसलेला होता. भवभूतीची नाटके मात्र त्याच्याच सांगण्याप्रमाणे कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली. यात्रेचा प्रेक्षक आणि सभेचा रसिक यांच्यात अंतर असणारच.

कंकणमोचन ही नवशिक्याची चूक नव्हती, याचा सर्वांत बळकट पुरावा भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त आहे. तेथे पाचव्या अंकात लव आणि लक्ष्मणाचा मुलगा चंद्रकेतू समोरासमोर येतात. लव पायी आहे म्हणून चंद्रकेतू रथातून उतरतो. दोघांना एकमेकांविषयी ओढ वाटते आणि दोघांना लढायचे आहे : तोच दुसऱ्या अंकातला पेच, आता दोन मुलांमध्ये. लवाजवळ जृंभक अस्त्र आहे. ते त्याला कुणी शिकवलेले नाही, रामाच्या शब्दानुसार ते सीतेच्या संततीकडे आपोआप आलेले आहे. सहाव्या अंकात विद्याधरांचे जोडपे आकाशातून युद्धाचे वर्णन करीत असते, वर्णन रंगात येते, आणि राम येऊन युद्ध थांबवतो. तो लवाला अस्त्र आवरण्यास सांगतो. लव क्षणभर ध्यान करतो; अस्त्र शांत होते. म्हणजे ज्या कवीवर युद्ध मध्येच तोडल्याचा आरोप झाला त्याने आपल्या सर्वमान्य श्रेष्ठ नाटकात पुन्हा तेच केले. या वेळी कुणी तक्रार केली नाही, कारण मध्ये पाच वडीलधाऱ्यांची भाषणे नव्हती. कवीही काही शिकला होता. त्याच पाचव्या अंकात लव रामाच्या पराक्रमांची, ताटकेच्या आणि वालीच्या वधाची, खोचक चेष्टा करतो. ‘महावीरचरिता’त माल्यवानाने चिथवलेला वाली उघडपणे समोर आणून नायकाला डाग लागू न देण्याची धडपड करणारा कवी आता तो डाग नायकाच्याच मुलाच्या तोंडून सांगतो. ‘महावीरचरित’ आधीचे हा अभ्यासकांचा तर्क मला या एका गोष्टीवरून पटतो.

आपल्या त्रैमासिकात या नाटकावर कशाला लिहायचे, असे एखादा वाचक विचारील. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभच १६१६ साली फादर स्टीफन्स यांनी पुराणाच्या घाटात केला. तेव्हा हा प्रश्न नवा नाही आणि उत्तरही जुनेच आहे. पण मला येथे दुसरेच काही आठवते. गेथशेमानीच्या बागेत पेत्राने तलवार उपसली आणि प्रमुख याजकाच्या दासाचा कान तोडला. योहान त्या दासाचे नावही देतो : मल्ख. गुरूने तलवार म्यानात घालायला सांगितले. लूक सांगतो की गुरूने तो कान बराही केला. नाट्यदृष्ट्या पाहिले तर हा केवढा ‘अकांडे छेद’! शिष्य एकटा शिपायांच्या टोळीवर तुटून पडला आहे आणि गुरूच त्याला थांबवतो. गुरूबरोबर इतका काळ काढलेल्या पेत्राला प्रयोग येत होता, संहार यायचा होता. राम आणि ख्रिस्त यांची बरोबरी मी करीत नाही. तशी तुलना दोन्हीकडच्या भाविकांना रुचणार नाही आणि ती खरीही नाही. शिष्याच्या हातातल्या शस्त्राची गोष्ट मात्र दोन्हीकडे एकच आहे.

संत इग्नाती लोयोला यांच्या आत्मकथनातला प्रसंग तर परशुरामाच्या अगदी जवळचा आहे. १५२१ साली पांपलोनाच्या लढाईत पाय मोडलेला हा सरदार बरा झाल्यावर खेचरावरून मोन्सेरातच्या वाटेला लागला. वाटेत भेटलेला एक मूर पवित्र मरियेविषयी अनादराचे बोलला आणि पुढे निघून गेला. इग्नातींच्या मनात उलघाल सुरू झाली : मागे जाऊन त्याला खंजीर खुपसावा की सोडून द्यावा? मातेच्या मानासाठी सूड. गुरूच्या धनुष्यासाठी सूड. शेवटी त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला आणि ते नेईल तिकडे जायचे ठरवले. खेचराने मुराची वाट सोडून दुसरी धरली. मार्च १५२२ मध्ये मोन्सेरातच्या वेदीजवळ रात्रभर जागून त्यांनी तलवार आणि खंजीर तेथे ठेवला. येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली ती १५४० साली. मधली अठरा वर्षे शिक्षणाची : मान्रेसाची गुहा, तिशी उलटल्यावर बार्सेलोनात मुलांच्या बाकावर बसून लॅटिन, मग पॅरिस. तलवार ठेवली तेथे शिक्षण संपले नव्हते. सुरू झाले होते.

परशुरामाच्या बाबतीतही भवभूतीने हेच दाखवले आहे, आणि माझ्या मते ‘महावीरचरिता’चे खरे यश चौथ्या अंकातल्या त्या छोट्या भागात आहे. हरलेला परशुराम क्षमा मागतो. आपले धनुष्य रामाच्या हाती देतो, कारण पुढे दंडकारण्यात राक्षसांशी गाठ आहे. मग तो वनात निघून जातो. साक्षात शिवाकडे शिकलेल्या या शिष्याचे शिक्षण इतकी वर्षे अपुरे राहिले होते. शस्त्र हातातून सोडणे एवढेच त्याला कुणी शिकवले नव्हते. पाच गुरुजनांच्या युक्तिवादाने ते झाले नाही. लढाई अर्धी टाकून बायकांच्या बोलावण्यावरून आत गेलेल्या, आणि कंकण सोडून परत आलेल्या एका मुलामुळे ते झाले.

पाठाविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. ‘महावीरचरिता’चे अंक सात असले तरी पाचव्या अंकातल्या ४६ व्या श्लोकापर्यंतचाच मजकूर सर्व हस्तलिखितांत सारखा आहे. त्यापुढे हस्तलिखितांच्या वाटा फुटतात. एका परंपरेत सुब्रह्मण्य नावाच्या कवीने उरलेले नाटक पुरे केले, दुसरीत विनायक नावाच्या कवीची भर आहे. रावणाशी झालेले युद्ध आज आपण वाचतो ते भवभूतीच्या हातचे नाही. वालीच्या प्रसंगाशी येऊन, आणखी एक लढाई तोंडावर असताना, कवीची लेखणी थांबलेली आहे.